अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी : महर्षी धोंडो केशव कर्वे



आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणं, एक ग्रुप फोटो, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेनऊला कुठे जायचं हा प्रश्न. पहिला महिना बरा जातो. राहिलेली कामं होतात, नातेवाइकांकडे जाणं होतं. मग हळूहळू एक वाक्य तोंडी बसायला लागतं, की आता आपलं काय राहिलंय. तुमच्या घरात, शेजारात हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. कदाचित स्वतः म्हणतही असाल.

म्हणून आजच्या पाठासाठी मुद्दाम एका निवृत्त शिक्षकाचं चरित्र घेतलंय. या शिक्षकानं ५६ व्या वर्षी नोकरी सोडली आणि बरोबर ५८ व्या वर्षी भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ सुरू केलं. पुढे आणखी ४६ वर्षं जगले आणि त्यातली बहुतेक वर्षं नवीन काहीतरी शिकण्यात आणि करण्यात घालवली. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

त्यांचं नाव आपण सगळे स्त्रीशिक्षणासाठी घेतो आणि ते योग्यच आहे. पण आज आपण त्यांच्याकडे जरा वेगळ्या बाजूनं बघूया. म्हातारपणी माणूस शिकतो कसा, हे बघूया.

बालपण आणि पहिली हार

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली या आजोळच्या गावी झाला. मूळ गाव मुरुड. (हे दापोलीजवळचं मुरुड बरं का, रायगडचं मुरुड-जंजिरा नव्हे.) घरची परिस्थिती बेताचीच. गावच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी लाभले. गुरुजी या मुलाला दुर्गादेवीच्या देवळात बसवून गावातल्या मोठ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगत. एक लहान मुलगा वाचतोय आणि मोठी माणसं ऐकतायत. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

त्या काळी मराठी शाळेची शेवटची परीक्षा पास झाली, की सरकारी नोकरीचं, शिक्षकाच्या नोकरीचंही दार उघडायचं. परीक्षेचं केंद्र साताऱ्याला. १८७५ मध्ये अण्णा आणि त्यांचे सोबती मुरुडहून पायी निघाले. पावसाचे दिवस, कुंभार्लीचा घाट, शंभराहून जास्त मैलांची चाल. एवढं करून साताऱ्याला पोहोचले, तर परीक्षा घेणाऱ्यांनी तोंडाकडे बघून सांगितलं की तुझं वय बसत नाही. अण्णा अंगानं किरकोळ होते, दिसायला लहान दिसायचे. परीक्षेला न बसताच परत फिरावं लागलं. पुढच्या वर्षी ते कोल्हापूरला गेले आणि तीच परीक्षा पास झाले.

सगळंच उशिरा

आपल्याकडे मुलगा दहावीला एक वर्ष मागे राहिला तरी घरात सुतक पडल्यासारखं होतं. अण्णांचं बघा. इंग्रजी शिक्षणासाठी आधी रत्नागिरी, मग मुंबई. लग्न लहानपणीच झालेलं. शिकवण्या करून खर्च भागवायचा आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा. १८८१ मध्ये मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून ते मॅट्रिक झाले, तेव्हा वय होतं २३. १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले, तेव्हा वय होतं २६.

मला वाटतं या उशिराचा त्यांना पुढे फायदाच झाला. शिकायचं वय ठरलेलं असतं, ही समजूतच त्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही.

मुंबईत शिकवण्या आणि मुलींच्या शाळांमध्ये गणित शिकवणं चालू होतं. १८९१ साल मात्र दुःख आणि संधी दोन्ही घेऊन आलं. पत्नी राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. (हेच पुढे संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे.) त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून बोलावणं आलं. लोकमान्य टिळक तिथून बाहेर पडले होते आणि गणित शिकवायला माणूस हवा होता. अण्णांचे कॉलेजातले सोबती गोपाळ कृष्ण गोखले तिथे होते, त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं. पुढची २३ वर्षं अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले.

गणिताचा तास आणि हिंगण्याची झोपडी

११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, सगळे त्यांना बाया म्हणत. विधुरानं कुमारिकेशी लग्न केलं असतं तर कुणी ब्रही काढला नसता. पण विधवेशी लग्न केलं म्हणून मुरुडच्या लोकांनी अण्णांवर बहिष्कार टाकला.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. रावबहादूर गोखले यांनी पुण्याबाहेर हिंगण्याला सहा एकर जागा दिली, तिथे एक साधी झोपडी उभी राहिली. प्लेगच्या दिवसांत आश्रम तिकडे हलला. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं आणि मग पायी हिंगण्याला जायचं, असा त्यांचा क्रम होता. पावसाळ्यात तो रस्ता म्हणजे नुसता चिखल. आज त्या भागाला आपण कर्वेनगर म्हणतो आणि तिथे जायच्या रस्त्याला कर्वे रोड.

१९०७ मध्ये मुलींसाठी महिला विद्यालय सुरू झालं. हा भाग तुम्हाला पाठ्यपुस्तकांतून माहीत आहे, म्हणून इथे जास्त रेंगाळत नाही. एवढंच लक्षात घ्या, की निवृत्तीनंतरच्या कामाची ओढ त्यांना निवृत्त झाल्यावर लागली नाही. ती नोकरीत असतानाच लागली होती. ज्यानं नोकरीत असताना नोकरीपलीकडे काही बघितलं नाही, त्याला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी अचानक काही सापडेल हे जरा अवघडच.

घरातल्या दोघी

अण्णांचं चरित्र सांगताना घरातल्या दोन बायकांना वगळलं तर पाठ अपुरा राहील.

पहिल्या बाया. अण्णांची मिळकत आश्रमाकडे जायची, संसाराची ओढाताण बायांच्या वाट्याला. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं आणि स्वतः कमावू लागल्या. एका माणसाच्या समाजकार्याची किंमत घरातलं दुसरं माणूस मोजत असतं, हे विसरू नका. पुढे बायांनी आपली आठवण सांगितली, ती माझे पुराण या नावानं पुस्तकरूपात आली.

दुसऱ्या पार्वतीबाई आठवले, बायांची बहीण. विसाव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा लिहायला-वाचायला येत नव्हतं. मोठेपणी शिकल्या, आश्रमाच्या कामाला लागल्या, गावोगाव फिरून निधी गोळा केला. एवढ्यावर थांबल्या नाहीत. इंग्रजी शिकायचं म्हणून १९१८ मध्ये, पन्नाशीच्या जवळ आलेल्या या बाई एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या आणि आश्रमासाठी पैसेही जमवून आणले. आजही पन्नाशीची एखादी बाई इंग्रजी बोलायला शिकते म्हटलं की घरातलेच हसतात. हसणाऱ्यांना पार्वतीबाईंची गोष्ट सांगा.

१९१४ : नोकरी संपली

१९१४ मध्ये अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. वय ५६. आश्रम आणि विद्यालय उभं राहिलेलं, नाव झालेलं. पुढच्याच वर्षी त्यांचं आत्मवृत्त प्रसिद्ध झालं. आत्मचरित्र माणूस केव्हा लिहितो? बहुतेक वेळा आता सांगण्यासारखं घडून गेलं असं वाटतं तेव्हा. अण्णांच्या बाबतीत निम्मं आयुष्य अजून यायचं होतं.

त्याच १९१५ साली काशीहून बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी त्यांना एक छोटी पुस्तिका पाठवली. ती होती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी. असं काही आपल्याला पोस्टानं आलं तर आपण चाळून बाजूला ठेवू. अण्णांनी ती मनापासून वाचली. त्यावर विचार केला, लोकांशी बोलले, आणि वर्षअखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली.

बरेच शहाणे लोक साशंक होते. पैसा कुठून येणार, मुली कुठून येणार, सरकारची मान्यता नाही तर पदवीला किंमत काय? प्रश्न खोटे नव्हते. तरी १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. कॉलेजात विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय. गृहव्यवस्था, आरोग्य असे विषयही अभ्यासक्रमात आले.

इथे थोडं थांबा. अण्णा गणिताचे प्राध्यापक होते. विद्यापीठ कसं चालवतात, त्याचा अभ्यासक्रम कसा बांधतात, परीक्षा, नियम, निधी यांचा मेळ कसा घालतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी ५८ व्या वर्षापासून शिकायला घेतलं. निधीसाठी देशभर फिरले. मुळात स्वभाव भिडस्त, चारचौघांत बोलायचा संकोच. तो संकोच घेऊनच लोकांच्या दारात उभे राहिले.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे आपलं एस.एन.डी.टी. पाच मुलींनी सुरू झालेल्या या विद्यापीठाला स्वातंत्र्यानंतर कायद्यानं मान्यता मिळाली. ते बघायला अण्णा हयात होते.

एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवास

१९२९ च्या मार्चमध्ये अण्णा इंग्लंडला निघाले. एकाहत्तरावं वर्ष परदेशातच पूर्ण झालं. त्या वेळी जहाजानं जायचं म्हणजे कितीतरी दिवसांचा प्रवास, परक्या हवेत आणि परक्या जेवणावर.

इंग्लंडमध्ये माल्वर्नला ते प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेला गेले. आम्हा प्राथमिक शिक्षकांना याचं विशेष कौतुक वाटतं. विद्यापीठाचा संस्थापक प्राथमिक शिक्षकांत जाऊन बसला. लंडनमध्ये त्यांनी भारतातल्या स्त्रीशिक्षणावर भाषण दिलं. मग जिनिव्हाची शिक्षण परिषद, डेन्मार्कमध्ये एल्सिनोरची परिषद, तिथून अमेरिका आणि शेवटी जपान. ज्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून हे सगळं सुरू झालं, ते त्यांनी आता प्रत्यक्ष बघितलं. पुस्तिका हातात आल्यापासून १४-१५ वर्षांनी.

१९३० च्या एप्रिलमध्ये परत आले. माणूस दमून बसेल की नाही? त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुन्हा निघाले, या वेळी आफ्रिकेला. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका असा सव्वा वर्षाचा दौरा झाला. तिथे राहणाऱ्या भारतीयांना विद्यापीठाची माहिती द्यायची आणि मदत गोळा करायची.

साताऱ्याच्या परीक्षकांसमोर ज्या भिडस्त मुलाला तोंड उघडता आलं नाही, तो सत्तरीनंतर खंडोखंडी जाऊन इंग्रजीत आपलं म्हणणं मांडत होता. भीड एका दिवसात गेली असं नाही. पण माणूस बदलतो, आणि सत्तरीतही बदलतो.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातली शाळा

आता गंमत बघा. विद्यापीठ काढलेला माणूस त्यानंतर काय काढेल? आपल्याला वाटेल आणखी मोठं काहीतरी. अण्णांनी १९३६ मध्ये महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळाच नव्हती, तिथे प्राथमिक शाळा सुरू करायच्या. स्वतःच्या पेन्शनमधला वाटा त्यात घातला आणि पुण्यात घरोघर हिंडून लहान लहान वर्गण्या जमा केल्या. वय ७८.

या मंडळाचा आणखी एक हेतू होता आणि आजच्या विषयासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. लहानपणी शाळेत जाऊन आलेली माणसं पुढे वाचन सोडून देतात आणि शिकलेलं विसरतात. त्यांची वाचनाची सवय टिकली पाहिजे, असं अण्णांना वाटत होतं. देवळात मोठ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारा मुलगा आठवला का? साठ-पासष्ट वर्षांनी तो पुन्हा त्याच कामावर आला होता. अक्षरओळख होणं आणि वाचता राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शाळा देते. दुसरी ज्याची त्याला जपावी लागते.

शहाऐंशीव्या वर्षी आणखी एक संस्था

१९४४ मध्ये अण्णांनी समता संघ स्थापन केला. जातीपातीचा उच्चनीचपणा जावा, माणसामाणसांत समता यावी, हा त्याचा हेतू. वय होतं ८६.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हिंगण्याच्या आश्रमात सुरुवातीच्या काळात प्रामुख्यानं ब्राह्मण समाजातल्याच विधवा होत्या आणि त्यावर टीकाही झाली. त्या माणसानं शहाऐंशीव्या वर्षी समतेसाठी संस्था काढावी, याला फार अर्थ आहे. वय वाढलं की आपली मतं घट्ट होत जातात. आमच्या वेळी असं होतं, हे पालुपद सुरू होतं. अण्णांची वर्तुळं मात्र मोठी होत गेली. आधी विधवा, मग सगळ्या मुली, मग खेड्यातली मुलं, मग सगळी माणसं. म्हातारपणी शिकणं म्हणजे फक्त नवी माहिती गोळा करणं नव्हे. आपल्या विचाराची वेस पुढे सरकवणं हेही शिकणंच.

शंभरी

शेवटची वर्षं सुखाचीच होती असं समजू नका. १९५० मध्ये बाया गेल्या, ५७ वर्षांची सोबत संपली. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथही गेला. लांब आयुष्याला हे दुःख चुकत नाही.

मानसन्मान बरेच आले. १९५५ मध्ये पद्मविभूषण, १९५८ मध्ये भारतरत्न. १८ एप्रिल १९५८ रोजी वयाची शंभर वर्षं पूर्ण झाली, मुंबईत मोठा समारंभ झाला, त्यांच्या चित्राचं टपाल तिकीटही निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. तेव्हा ते १०४ वर्षांचे होते.

एका नजरेत बघा :

• वय २३ : मॅट्रिक
• वय ३३ : फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक
• वय ३८ : अनाथ बालिकाश्रम
• वय ५६ : नोकरीतून निवृत्ती
• वय ५८ : महिला विद्यापीठ
• वय ७१ : युरोप, अमेरिका, जपान
• वय ७२ : आफ्रिकेचा दौरा सुरू
• वय ७८ : ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ
• वय ८६ : समता संघ
• वय १०० : भारतरत्न

निवृत्तीची ओळ यादीच्या मधे कुठेतरी आहे, शेवटी नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

तुम्ही म्हणाल, बाई, कर्वे एकच होतात, आम्ही थोडेच विद्यापीठ काढणार? बरोबर आहे. आणि काढायचंही नाही. पण तीन गोष्टी आपल्याही हातात आहेत.

एक. अण्णा संस्था उभी करायचे, सहकाऱ्यांच्या हाती द्यायचे आणि पुढच्या कामात नवशिके म्हणून उतरायचे. खुर्चीला चिकटून बसले नाहीत. आपली अडचण इथेच होते. तीस-पस्तीस वर्षं आपण सांगणारे असतो, मग ऐकणाऱ्याच्या जागी बसायला जड जातं. मोबाईल शिकताना नातवाला दोनदा विचारायला लाज वाटते. ती लाज सोडली की निम्मं काम झालं.

दोन. त्यांचं शिकणं कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. नुसता वेळ घालवायला घेतलेलं काम महिन्याभरात सुटतं. कुणीतरी आपली वाट बघतंय म्हटलं की माणूस सकाळी आपोआप उठतो. शेजारच्या दोन मुलांना पाढे शिकवायला घेतले, तरी शिकवणाऱ्याचं डोकं चालतं राहतं. वाचनालयात तासभर बसणं, गावातल्या जुन्या माणसांकडून शेतीची, औषधी झाडांची माहिती लिहून ठेवणं, बँकेचे अर्ज भरायला शेजाऱ्यांना मदत करणं, यातलं काहीही चालेल.

तीन. घरातल्या बाईला निवृत्ती नसते हे ध्यानात घ्या. आजोबा निवृत्त झाले म्हणून आजीचा स्वयंपाक थांबत नाही. घरातलं काम वाटून घेतलं तर तिलाही वाचायला, शिकायला वेळ मिळेल. बायांची आणि पार्वतीबाईंची आठवण त्यासाठीच ठेवायची.

घरचा उपक्रम

विद्यार्थी मित्रांनो, या आठवड्यात रोज दहा मिनिटं आजी-आजोबांजवळ बसा. एक दिवस तुम्ही त्यांना वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांना तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. चष्मा सापडत नाही म्हणाले तर शोधून द्या. त्यांना शिकायची राहून गेलेली एक गोष्ट विचारा आणि वहीत लिहा. पोहणं असेल, पेटी असेल, इंग्रजीत सही करणं असेल. त्यातली कोणती गोष्ट या महिन्यात सुरू करता येईल, ते दोघांनी मिळून ठरवा.

आणि निवृत्त वाचकहो, तुम्ही ती गोष्ट आजच कागदावर लिहा. अण्णांपेक्षा तुमचं वय कमीच असेल.